बिलाच्या काउंटरवर मागितला जाणारा ओटीपी आणि दुकानाचे क्रेडिट कार्ड

नारायणबागवाली

नमस्कार मंडळी. आपल्या इंदूरच्या विजयनगरकडच्या मॉलमधली कपड्यांची दुकाने, ए. बी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूम आणि आता औषधांची साखळी दुकानेसुद्धा बिल करताना गिऱ्हाइकाच्या मागे जो आग्रह लावतात, त्याविषयी हा धागा काढत आहे. आधी मोबाइल क्रमांक विचारतात, मग सदस्यत्व, मग पिशवी, आणि हे सगळे निभावून नेले की "आमचे कार्ड घ्या, आजच्याच बिलावर पाचशे रुपये सूट मिळेल" हे सुरू होते. पाठीमागे रांग खोळंबलेली असते, हातात पाकीट असते, आणि त्या घाईत माणूस हो म्हणून मोकळा होतो.

सासूबाईंबरोबर चादरी-पडद्यांच्या खरेदीला गेले होते, तिथला प्रसंग मुद्दाम तपशिलात सांगते. काउंटरच्या अलीकडेच एक मुलगी टॅब घेऊन उभी होती. तिने सासूबाईंना क्रमांक विचारला, त्यांनी सांगितला, आणि लगेच ती म्हणाली, "मांजी, बस एक ओटीपी आएगा, पॉइंट्स के लिए है, बता दीजिए." सासूबाईंना बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. संदेश इंग्रजीत होता. पॉइंट्सचा त्यात उल्लेखही नव्हता. हा ओटीपी दिल्यास एका बँकेला तुमचा पत-अहवाल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा क्रेडिट रिपोर्ट, मागवण्यास तुम्ही संमती दिली असे समजले जाईल, असे त्यात लिहिले होते. मी तो ओटीपी दिला नाही. कारण विचारल्यावर ती मुलगी गोंधळली, आणि माझा असा समज झाला की त्या संदेशात काय असते हे तिलाही कोणी नीट सांगितलेले नसावे.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अशी संमती घेणे नियमांत बसते का? आणि दिवसभर उभ्या असलेल्या त्या मुलीचा पाणउतारा न करता ठाम नकार कसा द्यावा?

रामबागकर

नारायणबागवालीताई, तुम्ही संदेश वाचलात हेच मुख्य काम केलेत. माझी नोकरी बँकेत झाली, त्यातली शेवटची काही वर्षे कर्जविभागात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दुकानाचे कार्ड असे आपण म्हणतो, पण आपल्याकडे ते कार्ड जवळजवळ नेहमी एखाद्या बँकेचे असते. दुकानाचे नाव त्यावर ठळक छापलेले असते एवढेच. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांसंबंधी सविस्तर निर्देश काढले आणि ते त्याच वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाले. त्यांनुसार अशा सहनामी (को-ब्रँडेड) कार्डात दुकानाची भूमिका कार्डाची जाहिरात व वितरण करणे आणि आपल्या मालावर सवलती देणे इतकीच मर्यादित आहे. कार्डावर तुम्ही काय काय खर्च केलात याची माहिती दुकानाला मिळता कामा नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे टॅब घेऊन उभी असलेली व्यक्ती तुम्हाला बेडशीटबरोबर एका बँकेचे कर्ज विकत असते, आणि त्या कर्जाबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी मात्र बँकेची असते.

आता संमतीविषयी. न मागता कार्ड देण्यास या निर्देशांनी मनाई केली आहे. असे कार्ड संमतीशिवाय सुरू करून त्यावर पैसे आकारले, तर बँकेने ती आकारणी परत करायची आणि शिवाय तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून त्या व्यक्तीला द्यायची, अशी तरतूद आहे. मात्र संमती लेखीच असली पाहिजे असे नाही, ती ओटीपीसारख्या डिजिटल मार्गानेही घेता येते. सगळा घोळ इथेच होतो. पूर्वी कार्डाचा अर्ज म्हणजे चार पानांचा कागद असे, त्यावर फोटो चिकटवावा लागे, तीन ठिकाणी सह्या कराव्या लागत, आणि तेवढ्या वेळात माणसाला आपण काय करतो आहोत याचे भान येई. आता सहा आकडे सांगितले की सही झाली. तुमच्या सासूबाईंनी ते आकडे सांगितले असते तर पुढे "आम्हाला पॉइंट्स म्हणून सांगितले होते" हे सिद्ध करणे त्यांना जड गेले असते, कारण बँकेच्या नोंदीत वेळेसकट संमती दिसली असती.

पत-अहवाल मागवणे हेही दिसते तितके निरुपद्रवी नाही. कर्जासाठी किंवा कार्डासाठी अर्ज झाला की बँक सिबिलसारख्या पतमाहिती संस्थेकडे चौकशी करते आणि ती चौकशी अहवालात नोंदली जाते. थोड्या अवधीत अशा पुष्कळ चौकश्या दिसल्या तर ३०० ते ९०० या पट्टीवरचा तुमचा पत-गुणांक (क्रेडिट स्कोअर) खाली येऊ शकतो. घरकर्जाच्या तोंडावर असलेल्या माणसाने चार दुकानांत "बघू या, पात्रता आहे का" म्हणत चार अर्ज केले तर त्याचा जाब त्याला घरकर्जाच्या टेबलावर विचारला जातो. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवून पाहावा आणि त्यात अनोळखी चौकशी दिसल्यास त्या बँकेला लेखी विचारावे.

खडूस ग्राहक

एवढ्या चर्चेचे कारण मला समजले नाही. नको असेल तर नको म्हणावे आणि पैसे देऊन बाहेर पडावे. कोणी कोणाचा हात धरून ओटीपी घेत नाही. आपल्या लोकांना नाही म्हणण्याचा संकोच वाटतो, आणि त्याचे खापर दुकानांवर फोडले जाते.

गल्ल्यावरची

खडूस ग्राहक, नाही म्हणणे सोपे असते तर मला तेव्हा रोज संध्याकाळी बोलणी खावी लागली नसती. एम. कॉम. करत असताना मी इथल्याच एका मोठ्या दुकानात बिलिंगवर काम करत होते. दुकानाचे नाव सांगत नाही, आणि माझ्या मैत्रिणींच्या अनुभवावरून असे दिसते की नाव बदलले तरी पद्धत फारशी बदलत नाही.

प्रत्येक पाळीला कार्डाच्या अर्जांचे लक्ष्य ठरलेले असे. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी सगळ्यांना गोलात उभे करून कालचे आकडे वाचून दाखवत, आणि रात्री व्हॉट्सॲपच्या गटावर नावांची उतरती यादी येई. तळाला ज्याचे नाव असेल त्याला दुसऱ्या दिवशी सुटी मागण्याची सोय नसे. मोजला जाई तो अर्ज. कार्ड मंजूर झाले की नाही, ते गिऱ्हाइकाला परवडते की नाही, याच्याशी आमच्या आकड्याचा काहीही संबंध नव्हता. म्हणून मग ज्याच्याकडून अर्ज लवकर भरून मिळेल असा माणूस हेरण्याची सवय लागते: एकट्याने आलेले वयस्क गृहस्थ, कडेवर मूल असलेली बाई, पहिल्यांदाच मॉलमध्ये आल्यासारखे दिसणारे कुटुंब. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण तसे आमच्या वरिष्ठांनीच आम्हाला शिकवले होते.

पहिला नकार हा नकार धरायचा नाही, असेही शिकवले जाई. गिऱ्हाईक नको म्हणाले की सवलतीची रक्कम सांगायची, पुन्हा नको म्हणाले की पहिल्या वर्षी शुल्क नाही असे सांगायचे, आणि तिसऱ्यांदा नको म्हणाले की "सर, माझे टार्गेट आहे, तुम्ही नंतर बंद करून टाका" असे अजिजीने म्हणायचे. या तिसऱ्या वाक्याने सर्वांत जास्त अर्ज मिळत. लोकांना सवलतीचा मोह पडत नसे, त्यांना समोरच्या मुलीची दया येई.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या बाजूने असे आहे. बिलाला सुरुवात होण्यापूर्वीच "फक्त बिल करा, कार्ड आणि सदस्यत्व काही नको, ओटीपी कोणताच देणार नाही" असे एका दमात सांगितले तर काउंटरवरच्या माणसाला ते बरे पडते, कारण मग सगळी पढवलेली वाक्ये म्हणण्याची वेळच येत नाही. आमच्या टॅबवर "ग्राहकाने नाकारले" असा पर्याय असे आणि तो दाबला की विचारल्याची नोंद होई. आमच्यावर रागावून मात्र काही साधत नसे. उगाच बोलणी बसत, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्य तेवढेच राहत असे.

गादीवरचा

आमचे घर तीन पिढ्या एम. टी. क्लॉथ मार्केटात कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून दुकानदाराच्या गादीवरून दोन शब्द लिहितो.

जास्तीचे विकणे हा काही मॉलवाल्यांनी लावलेला शोध नव्हे. साडी पसंत पडली की अस्तर, फॉल-पिको, परकर, मॅचिंगचा ब्लाउजपीस हे विचारायचेच असते, आणि लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मंडळींना चहा पाजून दोन शालू जास्त दाखवले नाहीत तर वडील आम्हाला धंदा येत नाही म्हणत. "दाखवायचे पैसे पडत नाहीत" हे वाक्य सीतलामाता बाजारात ज्याने ऐकले नाही असा इंदूरकर विरळाच. पण त्यात गिऱ्हाइकाच्या हातात कापड असते. ते पाहता येते, चुरगाळून बघता येते, सूनबाईंना विचारता येते, आणि नाही आवडले तर दुसऱ्या दिवशी बदलूनही मिळते. कार्डात हातात काही येत नाही आणि जे येते ते पहिल्या बिलानंतर कळते. म्हणून आमच्या आग्रहाला आणि या आग्रहाला एकाच मापाने मोजू नये, अशी माझी विनंती आहे. (सुट्ट्या पैशांऐवजी टॉफी देण्याची खोड मात्र आमच्या बाजारातही आहे, हे कोणी काढण्यापूर्वी मीच सांगून टाकतो.)

हिशेबी

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्याकडे एका दुकानाचे असे कार्ड आहे, घरचे किराणा-कपडे बहुतेक तिथूनच येतात, आणि पॉइंट्समधून दिवाळीची खरेदी बरीचशी निघते. देय तारखेला पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होते, त्यामुळे व्याजाचा प्रश्न येत नाही. वाईट काही असेल तर ती विकण्याची पद्धत आहे. कार्ड घेणारा प्रत्येक जण फसलेला असतो असे चित्र उभे राहू नये.

रामबागकर

हिशेबी, तुमच्यासारखी दरमहा पूर्ण रक्कम भरणारी माणसे कार्डाचा खरा फायदा घेतात, याबद्दल वाद नाही. तथापि काउंटरवर घाईने दिलेल्या कार्डाचा हिशेब जरा मांडून पाहावा. समजा १८,००० रुपयांची खरेदी झाली आणि कार्ड घेतल्याबद्दल ५०० रुपये सूट मिळाली. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के धरला, जो क्रेडिट कार्डांच्या बाबतीत मुळीच असाधारण नाही, तर वर्षाचे बेचाळीस टक्के होतात. देय तारखेला फक्त किमान रक्कम भरली तर बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. साधारण महिन्याभराचे व्याज ६३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ७४३ रुपये होतात. पाचशेची सूट पहिल्याच महिन्यात संपली आणि वर अडीचशे गेले. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

या दरांवर वरून कमाल मर्यादा येईल अशीही आशा ठेवू नये. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्दबातल ठरवला.

सातासमुद्रापार

मी मूळची लोकमान्य नगरची, सध्या न्यू जर्सीत राहते. हा प्रकार इथे इतका जुना आहे की लोकांना त्याचे काही वाटेनासे झाले आहे. इथे दोन तऱ्हांची कार्डे असतात: एक फक्त त्याच दुकानात चालणारे आणि दुसरे व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यावर सगळीकडे चालणारे. पहिल्या प्रकारचे कार्ड कमी गुणांक असलेल्यांनाही सहज मिळते आणि त्याचे व्याज जबर असते. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने डिसेंबर २०२४ मध्ये दुकानांच्या कार्डांवर एक टिपण प्रसिद्ध केले, त्यात बहुतेक कार्डांचे कमाल दर तीस टक्क्यांच्या वर असल्याचे दाखवले होते.

याहून घातक प्रकार म्हणजे व्याज पुढे ढकलण्याची योजना. फर्निचर किंवा फ्रिज घेताना "बारा महिने व्याज नाही" असे सांगतात. बाराव्या महिन्याच्या अखेरीस थोडीशी जरी बाकी उरली, तरी पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्याज एकदम लावले जाते. माझ्या शेजारणीने जवळजवळ सगळे पैसे फेडले होते आणि तरीही पूर्ण वर्षाचे व्याज तिच्या बिलात आले. ती चिडून दुकानात गेली, आणि काउंटरवरच्या मुलाने अगदी शांतपणे बँकेचा फोन क्रमांक लिहून दिला.

रामबागकर

आपल्याकडे याला समांतर म्हणजे "नो कॉस्ट ईएमआय", अर्थात बिनव्याजी म्हणून सांगितले जाणारे मासिक हप्ते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते आणि व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपात दडवले जाते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सुनावले होते. आता व्याजाइतकी सूट किमतीत दाखवून हिशेब जुळवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच माथी येते. रोखीने किंवा यूपीआयने किती कमी कराल, हे आधी विचारावे. उत्तर ऐकण्यासारखे असते.

काळा कोट

जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करतो, तेवढ्यापुरतेच लिहितो.

मोबाइल क्रमांकाशिवाय बिल निघत नाही, हे काउंटरवर सांगितले जाते ते खरे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवले की क्रमांकासाठी अडून बसणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जीएसटीच्या नियमांतही, नोंदणी नसलेल्या सामान्य ग्राहकाचे ५०,००० रुपयांपेक्षा कमी रकमेचे बिल असेल तर त्यावर त्याचे नाव-पत्ता असणे बंधनकारक नाही, क्रमांकाची तर गोष्टच सोडा. याशिवाय ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणे हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित प्रथांमध्ये मोजले आहे. बिलासाठी दिलेल्या क्रमांकावर दुसऱ्या दिवशी विम्याचा फोन आला तर हे कलम आठवावे.

एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणे त्याच कायद्यात प्रतिबंधात्मक प्रथा म्हणून येते. टीव्हीच्या बिलात वाढीव वॉरंटी "सिस्टीममधून आपोआप येते" असे म्हणतात, त्याला हेच लागू होते. वाढीव वॉरंटी घेऊच नये असे मी म्हणत नाही, पण तिच्यातून काय वगळले आहे हे पान वाचल्याशिवाय घेऊ नये, आणि ते पान दुकानात मागितले की बहुधा छापलेले नसते. पिशवीबाबत राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये असा निर्णय दिला की आधी ठळकपणे न कळवता, ऐन काउंटरवर पिशवीचे पैसे लावणे अनुचित आहे. आपल्या शहरात झोळी घेऊन निघायची सवय आता पुष्कळांना लागली आहे, त्यामुळे तो प्रश्न इथे तितका उरलेला नाही.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती दुकानाशी संपर्क साधते आणि लहानसहान बाबी बहुधा तिथेच मिटतात. आयोगात जायचे झाल्यास पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल, संदेशाचा स्क्रीनशॉट आणि तारीख एवढे जपून ठेवा. पुराव्याशिवाय आलेल्या पक्षकाराचे आम्ही सांत्वन तेवढे करू शकतो.

खडूस ग्राहक

गल्ल्यावरची यांचे लिहिणे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातला शेवटचा भाग मागे घेतो. पहिला भाग कायम आहे: नको म्हणावे. फक्त ते बिलाच्या आधी म्हणावे, हे पटले.

नारायणबागवाली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गल्ल्यावरची यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी त्या मुलीविषयी काही न लिहिता, दुकानाच्या मुख्य कार्यालयाला आणि संदेशात नाव असलेल्या बँकेला ईमेल पाठवला. पत-अहवालाच्या संमतीचा ओटीपी पॉइंट्सच्या नावाखाली मागितला जातो, आणि कर्मचाऱ्यांना त्याचा अर्थही सांगितलेला नसतो, एवढेच त्यात मांडले आणि संदेशाचे चित्र जोडले. बँकेकडून पोच आली आहे, दुकानाकडून अजून काही नाही.

आणखी एक विचारते. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना असेच कार्ड घरपोच आले आहे. पाकीट उघडलेले नाही, आणि त्यांना ते नको आहे. त्यांनी काय करावे?

रामबागकर

ताई, कार्ड कापून केरात टाकू नका, कारण त्याने खाते बंद होत नाही. ते सुरूही करू नका. कार्ड दिल्यापासून तीस दिवसांत ग्राहकाने सुरू केले नाही तर बँकेने ओटीपीने संमती मागावी आणि ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत काही आकार न लावता खाते बंद करावे, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. या काळात आजोबांना "कार्ड ॲक्टिव्हेट करा" असे फोन येतील. त्या फोनवर कोणताही ओटीपी सांगू नये, हे घरातल्या नातवंडांनाही बजावून ठेवावे, कारण अशाच फोनचे निमित्त करून ठकसेनही गाठतात.

वाट पाहायची नसेल तर बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या ईमेलवर किंवा हेल्पलाइनवर खाते बंद करण्याची मागणी करावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. देणे काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद झालेच पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यावयाचा असतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते, १४४४८ या क्रमांकावर माहितीही मिळते. अर्ज कुठल्या दुकानात, साधारण कोणत्या तारखेला भरला गेला असावा, हे आजोबांना विचारून तक्रारीत अवश्य लिहा. मसुदा करून इथे टाकलात तर मी आणि काळा कोट मिळून पाहून देऊ.